कॉस्मेटिक क्लिनिकमधील नोकरी: नियुक्तिपत्रावर ‘नर्स’ हा शब्दच नसेल तर?

प्रश्न (होटगी रोड, सोलापूर)

नमस्कार. माझे जीएनएम (नर्सिंगची पदविका) पूर्ण असून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. दीड वर्ष एका खासगी रुग्णालयाच्या वॉर्डात काम केल्यावर, रात्रपाळी झेपेना म्हणून, मी गेल्या वर्षी अनेक शहरांत शाखा असलेल्या एका त्वचा व केस उपचार क्लिनिकमध्ये रुजू झाले. रात्रपाळी नाही हे खरे. परंतु सकाळी दहाला गेलेली मी लग्नसराईत रात्री नऊच्या आत घरी पोहोचत नाही, जादा तासांचे पैसे मिळत नाहीत आणि आठवड्याची सुट्टीही पॅकेज विक्रीचे टार्गेट पूर्ण झाले तरच मिळते. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात. इतर दिवशी लेसर, केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) आणि पीआरपीसाठी (रुग्णाच्याच रक्तातील घटक टोचण्याच्या उपचारासाठी) रक्त काढणे आम्ही दोघी सिस्टर पाहतो. अलीकडे तर डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर सांगायचे आणि इंजेक्शन मी द्यायचे, असेही सुरू झाले आहे.

पगार 14,000 रुपये असून पीएफ नाही. ‘शाखेत सातच माणसे आहेत, लागू होत नाही’ असे सांगितले जाते. माझी आई बिडी कामगार आहे. तिचा पीएफ इतकी वर्षे जमा होतो, माझा नाही, याचे घरात सर्वांनाच नवल वाटते. मूळ प्रमाणपत्रे क्लिनिककडे जमा आहेत, दोन वर्षांचा बॉण्ड आहे, आणि परवा नियुक्तिपत्र नीट वाचले तेव्हा माझे पद ‘स्किन थेरपिस्ट’ असल्याचे दिसले. नोकरी सोडावी, की आधी काही मागता येईल?

उत्तर 1 (निवृत्त परिसेविका)

सिस्टर, पगारापेक्षा मला तुमच्या पदनामाची काळजी अधिक वाटते. उद्या रुग्णालयात किंवा परदेशी अर्ज कराल तेव्हा ‘थेरपिस्ट’ म्हणून केलेली वर्षे परिचारिकेचा अनुभव म्हणून धरली जातील याची खात्री नाही. आणि उपचारात काही बिघडले, तर मात्र तुम्ही नोंदणीकृत परिचारिका आहात हे सर्वांनाच आठवेल. डॉक्टरांचा लेखी आदेश केसपेपरवर नसेल आणि गुंतागुंत झाल्यास हाताशी डॉक्टर नसतील, तर इंजेक्शन देऊ नका. फोनवरचा आदेश नंतर कोणी दिलाच नव्हता असे होते, हे मी वॉर्डात पाहिले आहे.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करून घेणे ही क्लिनिकची जबाबदारी आहे. वापरलेली सुई पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यातच गेली पाहिजे. सुई टोचलीच, तर संध्याकाळी पाहू असे म्हणू नका. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, त्यामुळे सरळ सिव्हिल गाठा. लेसरचा चष्माही तपासा. डायोड लेसरची तरंगलांबी सुमारे 810 नॅनोमीटर आणि एनडी-याग लेसरची 1064, म्हणून एका यंत्राचा चष्मा दुसऱ्याला चालेलच असे नाही. त्याच्यावर आकडे छापलेले असतात. (आणि बोटॉक्सच्या कुप्या ठेवण्याच्या फ्रिजमध्ये जेवणाचे डबे नकोत. मी हे एका ठिकाणी पाहिले आहे!)

उत्तर 2 (पगारपत्रकांचे काम करणारा)

‘सातच माणसे’ हे उत्तर चुकीचे आहे. पीएफसाठी 20 कर्मचाऱ्यांची मर्यादा पाहताना एकाच आस्थापनेच्या सर्व शाखा एकत्र मोजल्या जातात; शाखा वेगळ्या शहरात असल्याने काहीही बदलत नाही. अपवाद एकच: सोलापूरची शाखा फ्रँचायझीवर वेगळ्या मालकाने घेतली असेल, तर हिशोब त्या मालकाचा होतो. म्हणून नियुक्तिपत्रावर आणि पगार जमा होतो त्या बँक नोंदीत नाव कोणाचे आहे, हे प्रथम पाहा.

राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या व्याख्येत क्लिनिकचाही समावेश आहे. कर्मचाऱ्यांच्या संख्येनुसार तो तुमच्या क्लिनिकला लागू होत असेल, तर त्याखाली आठवड्याला 48 तासांची मर्यादा, जादा तासांना दुप्पट दर आणि एक साप्ताहिक सुट्टी आहे. ती टार्गेटचे बक्षीस म्हणून देता येत नाही. रोजची येण्या-जाण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. बॉण्डबाबत बोलायचे तर, नोकरी सोडल्यावर दुसऱ्या क्लिनिकमध्ये काम करू नये ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी ते वाजवी भरपाई मागू शकतात, मनाला येईल ती रक्कम नव्हे. प्रमाणपत्रे मात्र आजच ईमेलने परत मागा.

उत्तर 3 (सम्राट चौक)

मीही अशाच क्लिनिकमध्ये आहे. घाईने राजीनामा देऊ नका, असे मी सुचवेन; लहान नर्सिंग होममध्येही पीएफ नसतो, आणि तिथे रात्रपाळी वर. आम्ही चौघींनी एकाच पत्रावर सह्या करून पदनाम बदलून घेतले. एकटीने मागितले असते तर त्याच दिवशी दुसऱ्या शाखेत बदली झाली असती.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. बँकेच्या नोंदीत शाखेचे नाव नसून मुख्य कंपनीचेच नाव आहे. दुसऱ्या सिस्टरशी बोलले, ती सही करायला तयार आहे. पत्रात प्रमाणपत्रे, पदनाम आणि लस ही तीन कामे लिहिली आहेत. जादा तासांचा विषय महिनाभराची वही भरल्यावर काढू.