पहिल्या नोकरीचे पंधरा हजार मराठवाड्यात कुणाला मिळणार?

गोदाकाठचा (गेवराई)
माझा चुलतभाऊ बी.एस्सी. झालाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तालुक्याच्या एका कार्यालयात बसत होता. पदवीधर म्हणून महिना १०,००० रुपये. काम काय, तर टपालाची नोंद, झेरॉक्स आणि साहेब सांगतील ती माहिती कॉम्प्युटरवर भरणं. २०२४ ला योजना आली तेव्हा सहा महिन्यांची होती, पुढं अकरा केले. बारावा महिना कुणाच्याच जीआरमध्ये नाही. पोरगं परत घरी.

आता सगळे त्याला केंद्राची योजना सांगायलेत. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. ९९,४४६ कोटींची तरतूद, दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्या. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदा पीएफमध्ये नाव लागलं की पोराला १५,००० पर्यंत, तेही दोन हप्त्यांत, सहा महिन्यांनी आणि वर्षानं. मालकाला प्रत्येक जादा माणसामागं महिना ३,००० पर्यंत, दोन वर्षं. कारखानदारीत चार वर्षं.

वाईट काही नाही. पण हा पैसा नोकरी असेल तिथंच जाणार. आमच्या तालुक्यात पीएफ कापणारे मालक कोण? साखर कारखाना, जिनिंग, एखादी पतसंस्था. म्हणजे गेवराईचं पोरगं पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात लागलं की दिल्लीच्या कागदावर एक जागा वाढली, आणि गेवराईत एक खोली रिकामी झाली. धोरण जागा मोजतं, गाव मोजत नाही. याला रोजगार धोरण म्हणावं का गाडीभाडं?

वाळूजचा जॉबवर्कवाला
दादा, गाऱ्हाणं समजलं, पण मालकाच्या बाजूनं कुणी बोलतच नाही म्हणून लिहितो. माझ्याकडं २२ माणसं. धातूचे भाग कापणारी, कॉम्प्युटरवर चालणारी दोन व्हीएमसी मशीन, त्यातलं एक गेल्या महिन्यात आठ दिवस बंद. ऑर्डर होती, मशीन लावून देणारा सेटर नव्हता. आयटीआय झालेलं पोरगं येतं, त्याला बारीक मापाचा मायक्रोमीटर वाचता येत नाही. शिकवतो. चार महिन्यांत हात बसतो, की पाचव्या महिन्यात ते कुठल्यातरी भरतीला जातं.

आणि ३,००० सगळ्यांना नाहीत. पगार वीस हजारांच्या वर असेल तर ३,०००, दहा ते वीसच्या मधे २,०००. शिवाय पन्नासपेक्षा कमी माणसं असणाऱ्यानं किमान दोन वाढवायची. सरकारचे दोन हजार बघून कुणी माणूस घेत नाही, ऑर्डर बघून घेतो. तरी पोरगं शिकेपर्यंत जो माल स्क्रॅप होतो, तेवढा तरी भरून निघतो. त्या अर्थानं योजना मला चांगलीच वाटते.

‘गाव मोजत नाही’ हे मात्र साफ चूक. उद्योगांसाठी राज्याची सामुदायिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. मागास भागाला जास्त सवलत, ड प्लस, विनाउद्योग जिल्हा असे प्रवर्गच पाडलेत. १९८५ ला बजाज संभाजीनगरजवळ आमच्या वाळूजला आली, तिच्यामागं आमच्यासारख्यांचे शेड उभे राहिले. नसता आम्हीही ज्वारीच पेरत असतो.

गोदाकाठचा (गेवराई)
मान्य. पण ती सवलत संभाजीनगरला उतरली, फार तर जालन्याच्या स्टीलपर्यंत गेली, आणि तिथंच बसली. चाळीस वर्षांत बीडच्या वाटेवरच्या पाडळसिंगी टोलनाक्यापुढं आली नाही. बीडला नगरहून रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. रेल्वेच नाही तर सवलत घेऊन कोण येणार?

आकडेशास्त्री
जरा थंड डोक्यानं बोलूया. सरकारच्या श्रमबल पाहणीत २०२३-२४ ला देशाची बेरोजगारी ३.२ टक्के आहे. १५ ते २९ वयोगटात १०.२. म्हणजे प्रश्न तरुणांचा आहे, त्यातही शिकलेल्यांचा. मग पहिल्या नोकरीवर पैसा लावणं चूक कसं? केंद्राची इंटर्नशिप योजनाही तशीच, २०२४ ला आली तेव्हा: ५०० मोठ्या कंपन्या, महिना ५,०००, वर्षभर. जिथं कंपन्या आहेत तिथंच माणूस जाणार, जगभर तेच झालंय. प्रत्येक तालुक्यात कारखाना हे भाषणात ठीक आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रोजगार धोरणाचा करार आपण १९९८ ला मान्य केला. त्यात शब्द आहेत ‘पूर्ण, उत्पादक आणि स्वेच्छेनं निवडलेला रोजगार’. ‘घराजवळचा’ असा शब्द नाही.

लातूरची लेक
आकडेशास्त्री सर, त्या ३.२ मध्ये काय काय बसतं तेही सांगा ना. वडलांच्या तीन एकरावर बिनपगारी राबणारा पोरगा त्या हिशेबात कामावरच असतो. आठवड्याच्या मोजणीत तर सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात. आमच्याकडं असा एक तास सगळ्यांनाच मिळतो.

आणि ‘स्वेच्छेनं निवडलेला’ म्हणता, तर ऊसतोडीच्या कोयत्याकडं बघा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादमाकडून घेतो नवरा, फिटेपर्यंत मोळ्या बांधून डोक्यावर वाहते ती. पीएफ नाही, हजेरी नाही, तिच्या नावावर तर काहीच नाही. बीड-धाराशिवमधून दिवाळीनंतर गावंच्या गावं उठतात. तुमच्या सगळ्या योजना पीएफच्या दारातून आत येतात, आणि हिला ते दारच नाही. पंधरा हजार, तीन हजार, पाच हजार, यातलं एक तरी तिला लागू होतं का?

वाळूजच्या दादांनाही एक विचारते. तुमच्याकडच्या २२ मध्ये बाया किती? पोरींना मायक्रोमीटर शिकायला चार महिने लागत नाहीत, पण सातला सुटी झाली की परत जायला एसटी नसते आणि वसतिगृह कुणी बांधत नाही. मालकाला माणशी दोन हजार देण्यापेक्षा एमआयडीसीत पोरींसाठी दोन वसतिगृहं बांधली असती तर जास्त जणी कामाला लागल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

(आमच्या लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याबद्दल बोलत नाही. भूमिपूजन मार्च २०१८, पहिला सांगाडा डिसेंबर २०२०. तेव्हा बारावीत असलेली पोरं आता लग्नाची झाली.)

वाळूजचा जॉबवर्कवाला
ताई, तीन. तिघी पॅकिंगला. मशीनवर एकही नाही. याला उत्तर नाही माझ्याकडं.

माजी रोजगारसेवक (भूम)
सगळे नोकरीवर बोलायलेत, कामावर कुणीच नाही. मागेल त्याला काम हा कायदा आपल्या राज्याचा आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ ला सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात मराठवाडा त्यावर जगला. आमची आई खडी फोडायला होती. १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून लागू. पैसा कुठून? व्यवसाय करातून. मुंबईचा नोकरदार कर भरायचा अन् आमच्याकडं पाझर तलाव व्हायचा. आकडेशास्त्री साहेब, घराजवळचा शब्द करारात नसेल, पण आपल्या कायद्यात होता.

२००५ ला तेच देशानं घेतलं, १०० दिवस. आता डिसेंबर २०२५ ला नवा कायदा आणला. १२५ दिवस म्हणतात, पण पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवस काम बंद ठेवता येणार, अन् खर्चाचा ४० टक्के भार राज्यावर. राज्याची तिजोरी आटली की मस्टर (कामाचा हजेरीपट) निघणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. माझं ऐकाल तर हे सगळ्यात मोठं रोजगार धोरण होतं, अन् त्याच्यावर दोन ओळी कुणी लिहीत नाही.

आकडेशास्त्री
काका, आदर आहे. पण २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजानं बी.एस्सी.चा पोरगा खड्डा खणेल? त्यासाठी शिकवलं का त्याला?

माजी रोजगारसेवक (भूम)
नाही खणणार. पण त्याच हमीतून विहीर झाली, शेततळं झालं, तर बापाचं तीन एकर दुपिकी होतं अन् कोयत्याची एक खेप टळते. पोराला नोकरी पाहिजे, बापाला पाणी. दोघांना एकच औषध देऊ नका.

सातवा_अटेम्प्ट
संभाजीनगरच्या अभ्यासिकेतून लिहितोय, खुर्ची क्रमांक ४१. २०२३ ची तलाठी भरती: जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्याला १,०००, राखीवला ९००. कुणी म्हणतंय सरकार आम्हाला रोजगार देतं? उलट आम्हीच देतोय.

आणि वाळूजच्या काका, पोरं पाचव्या महिन्यात का पळतात ते सांगतो. ठेकेदाराच्या नावावर ट्रेनी म्हणून घेतात, वर्ष भरायच्या आत ब्रेक देतात, परत नवा गेट पास. मी स्वतः भोगलंय. तलाठ्याला कुणी ब्रेक देत नाही.

वाळूजचा जॉबवर्कवाला
मोठ्या कंपन्यांत होतं तसं. माझ्याकडं ठेकेदार नाही, माझ्याच नावावर पीएफ. गोदाकाठच्या दादा, तुमच्या चुलतभावाला पाठवा. बी.एस्सी. चालेल, गणित येत असेल तर महिन्यात ड्रॉइंग वाचेल. सुरुवात चौदा हजार, खोलीचं मी बघतो. येत्या सोमवारी आला तर बरं.

गोदाकाठचा (गेवराई)
आत्ताच बोललो त्याच्याशी. उपकार झाले म्हणतोय. पण जिल्हा परिषदेचा फॉर्म भरलाय, तेवढी परीक्षा होऊ द्या म्हणतो.

वाळूजचा जॉबवर्कवाला
तारीख कधीची?

गोदाकाठचा (गेवराई)
अजून आली नाही.