विषय: पुन्हा एकदा टी-शर्टवरील छपाई – शुक्रवारपूर्वी उत्तर हवे

प्रेषक: कार्यवाह
सप्रेम नमस्कार,
छापणाऱ्याला शुक्रवारपर्यंत पद्धत कळवायची आहे. एकूण ८५ टी-शर्टांपैकी ६० सुती आहेत आणि क्रीडा समितीने आधीच घेऊन ठेवलेले २५ लाल पॉलिएस्टरचे आहेत. छातीवर चार रंगांचे बोधचिन्ह आणि पाठीवर प्रत्येकाचे नाव, हे बैठकीत ठरलेलेच आहे. स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे ताणलेल्या जाळीतून (स्क्रीनमधून) शाई दाबून छापण्याला, कोणाची हरकत नसावी, असे गृहीत धरतो.

प्रेषक: क्रीडा समिती
कार्यवाहसाहेब, हरकत आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते. चार स्क्रीनचा खटाटोप ८५ बोधचिन्हांसाठी परवडतो, परंतु एकेका नावासाठी एकेक स्क्रीन करणे अव्यवहार्य आहे. शिवाय मागच्या वेळी लाल कपड्यावरचे पांढरे बोधचिन्ह गुलाबी झाले, त्याचे खापर अजूनही आमच्या धुण्यावर फोडले जाते. वास्तविक पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने सुटतो आणि स्क्रीन प्रिंटिंगची प्लास्टिसोल (प्लास्टिकयुक्त) शाई पक्की करण्यासाठी सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तो शाईत चढतो. आमच्या २५ टी-शर्टांवर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती धाग्यात मुरवणारी छपाई, करावी. जर्सीवर तेच करतात.

प्रेषक: अक्षरांकन पाहणारी सदस्य
जर्सीचे कापड मुळात पांढरे असते. त्यावर लाल रंगासकट सर्व काही छापून मग ते शिवतात. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे तयार लाल कपड्यावर आपले बोधचिन्ह दिसणारच नाही.
नावांसाठी मी घरी यंत्रावर व्हायनिल (उष्णतेने कपड्यावर चिकटणारा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) कापून देईन. मात्र बोधचिन्हाची फाइल यापुढे कोणीही परस्पर पाठवू नये. फाँट नसलेल्या संगणकावर ‘कार्यकर्ता’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता, हे मी विसरलेले नाही, मजकूर आधी आउटलाइनमध्ये, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकारांत, बदलावाच लागतो. देवनागरीत आणखी एक पाचर अशी की शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि त्या वेल्ड करून एकसंध केल्या नाहीत, तर यंत्र प्रत्येक जोडावर चिरा पाडते. पहिल्या खेपेला माझी रात्र त्यातच गेली.

प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य
ताई, ८५ नावे हाताने सोलत बसण्यापेक्षा डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) करावे. फिल्मवर छापून गोंदाच्या पावडरीने चिकटवण्याची ही पद्धत सुती आणि पॉलिएस्टर दोन्हींवर चालते व रंगांच्या संख्येने काम वाढत नाही.

प्रेषक: अक्षरांकन पाहणारी सदस्य
काका, नावांपुरते मान्य. मोठे बोधचिन्ह मात्र छातीवर प्लास्टिकच्या ठिगळासारखे लागते आणि त्यातून हवा खेळत नाही. लाल कपड्यावर डीटीएफलाही गुलाबी होण्याचा धोका आहेच. तेथे रंग अडवणारी काळी पावडर वापरण्यास छापणाऱ्याला लेखी सांगावे.

प्रेषक: कार्यवाह
तर मग ६० सुती टी-शर्टांवर बोधचिन्ह स्क्रीन प्रिंटिंगने, २५ लाल टी-शर्टांवर काळ्या पावडरीचे डीटीएफ आणि सर्व नावेही डीटीएफनेच, असे कळवतो. फाइल ताईंकडूनच जाईल. आधी प्रत्येक प्रकारचा एकेक नमुना छापून घेऊन तो पाच वेळा धुऊन पाहण्याचे काम क्रीडा समितीने करावे.

प्रेषक: क्रीडा समिती
धुऊ, परंतु साक्षीदार म्हणून कार्यकारिणीतील एकाने उपस्थित राहावे.

प्रेषक: एक सदस्य
माझ्या नावात दुसरी वेलांटी आहे. मागच्या वेळी पहिली छापली होती.