मदत हवी आहे: आईच्या अश्रुनलिकेत ॲक्टिनोमायसीस

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. आईच्या डाव्या डोळ्यातून आठ महिने पाणी आणि चिकट पू येतोय. 'डोळे आलेत' म्हणून थेंब दिले. थेंब थांबले की पुन्हा तेच. परवा नव्या डॉक्टरांनी नाकाकडचा कोपरा दाबला, तर खालच्या पापणीच्या छिद्रातून रव्यासारखे पिवळे कण आले. तपासणीत ॲक्टिनोमायसीस जिवाणू निघाला. या कणांचे खडे अश्रुनलिकेत (डोळ्यातलं पाणी नाकाकडे नेणाऱ्या बारीक नळीत) असेपर्यंत औषध नीट पोचत नाही, छोटा छेद देऊन खरवडावे लागतील म्हणे. आई ७४ वर्षांची, मधुमेही, फार घाबरलीय. कुणाच्या घरी हे झालंय का? नंतर पाणी वाहायचं थांबलं का? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) यासाठी कुठल्या वारी जावं? चतुर्थीआधी उरकायचंय, नाहीतर ती चुलीच्या धुरात बसल्याशिवाय राहायची नाही.