मदत हवी आहे: भुसावळच्या उन्हात जलरंगातल्या आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) जमत नाही
कल्पनारम्य कादंबरीचं मुखपृष्ठ आहे, तोरणमाळच्या कड्यांवर तरंगणारं नगर. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शंभर टक्के कॉटन, २२ बाय १५ इंच. पारा ४५ च्या पुढे. ब्रश निम्म्यावर येईतो वरची कड वाळते, पुढचा हात लागला की फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. कूलर लावला तर कागद फुगतो, मधल्या खळग्यात निळा साचतो. पहाटे पाचला कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर गमटेपने (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) ताणला की बराच फरक पडतो, पण आकाश खूप मोठं आहे.

थर हळू वाळावा म्हणून वॉशच्या पाण्यात ग्लिसरीन किती घालायचं? जास्त झालं तर थर चिकट राहतो, स्कॅनरच्या काचेला लागला तर चित्रच गेलं. खान्देशी उन्हाळ्यात जलरंग करणाऱ्यांनी नेमकं प्रमाण सांगा, प्लीज.