डिझाइनच्या वर्गात ओळख करून द्यायचीय, ‘आवड’ म्हणून काय सांगू?

पहिलं_सेमिस्टर:
नमस्कार सगळ्यांना. मी डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आलेय, पहिलं वर्ष सगळ्यांना कॉमन आहे, ब्रँच पुढच्या वर्षी निवडायची. सोमवारी स्टुडिओत एकेकाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायचीय. नाव, शाळा, मार्क वगैरे नको असं मॅडमनी आधीच सांगून टाकलंय, तुमचा क्रिएटिव्ह इंटरेस्ट काय आणि तो कसा लागला एवढंच बोला, तीन मिनिटं, आणि सोबत एक वस्तू आणा. तेव्हापासून माझी झोप उडालीय. ग्रुपवर बाकीच्यांनी आत्ताच टाकायला सुरुवात केलीय, एकजण आठवीपासून डिजिटल पेंटिंग करतोय, एकीने स्वतःचा फॉन्ट बनवलाय, एकाच्या स्केचबुकांची थप्पीच आहे. मी प्रवेश परीक्षेसाठी ड्रॉइंग शिकले, ते बरं येतं, पण आवड म्हणावी असं काही ठरवून केलेलं नाही. थोडं थोडं सगळंच आवडतं. ‘मला क्रिएटिव्ह गोष्टी करायला आवडतं’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण ते वर्गातल्या कुणीही कुणाबद्दलही म्हणेल.

इथे बरेच सीनियर आहेत म्हणून विचारते, तुम्ही पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? आणि आज विचारलं तर काय सांगाल? उत्तरं मोठी झाली तरी चालतील, मी सगळी वाचणार आहे.

अक्षरवेडा:
मी चौथ्या वर्षाला, कम्युनिकेशन डिझाइन. पहिल्या दिवशी मी उभा राहून ‘टायपोग्राफी’ एवढंच म्हणालो आणि सरांनी शांतपणे विचारलं, कुठलं अक्षर? मला वाटलं फॉन्टचं नाव विचारतायत, तर नाही, अक्षरच विचारत होते. मी म्हणालो ल. का म्हणालो ते तेव्हा सांगता आलं नाही, नंतर घरी बसून शोधत गेलो तेव्हा कळलं की शाळेत आपण गिरवतो तो पाकळीचा ल, दोन्हीकडे गोल पाकळ्या, आणि हिंदीच्या पुस्तकात असतो तो उजवीकडे उभ्या दंडाचा ल. तसंच श चं, आपला देठाचा, त्यांचा वेगळा. आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही ल एकच, युनिकोडमधला, म्हणजे कॉम्प्युटर अक्षर ज्यावरून ओळखतो तो, नंबरसुद्धा एकच, कुठला आकार दाखवायचा ते फॉन्टमध्ये ठरतं. बऱ्याच फॉन्टमध्ये, बनवणाऱ्याने मराठीसाठी वेगळा आकार आत ठेवला असेल आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच पाकळी दिसते. तू आत्ता हे वाचतेयस त्या स्क्रीनवर ल कसा दिसतोय बघ बरं.

मग मला तो नादच लागला. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द मी माझ्या पहिल्या पोस्टरवर शेजारी शेजारी लावले, एक समुद्र आणि एक डोंगरातल्या, फरक फक्त त्या अर्ध्या र चा, एकात रफार डोक्यावर जातो आणि दुसऱ्यात तो आडवा होऊन य ला चिकटतो. आज कुणी आवड विचारली की मी टायपोग्राफी म्हणतच नाही, मी म्हणतो अर्धा र. त्यावर समोरचा हमखास पुढचा प्रश्न विचारतो आणि मग बोलणं सुरू होतं.

म्हणून तुला एकच सांगेन, विषयाचं नाव सांगू नकोस, त्यातलं एक टोक पकड.

धागादोरा:
वर जे लिहिलंय त्याला माझं पूर्ण अनुमोदन. मी टेक्स्टाइलची, तिसरं वर्ष. मी पहिल्या दिवशी ‘मला रंग आवडतात’ म्हणाले होते, आणि ते खरंच होतं गं, पण रंग कुणाला नाही आवडत?

दुसऱ्या वर्षी मागावर बसायला लागल्यावर ते बदललं. एका सॅम्पलमध्ये मी आडव्या धाग्यात करड्या रंगाची बारीक रेघ टाकली, अर्धी लाल पट्ट्याच्या मधोमध आणि अर्धी हिरव्या पट्ट्याच्या मधोमध, एकाच रिळाचा धागा. विणून झाल्यावर बघते तर लालमधली करडी रेघ हिरवट दिसतेय आणि हिरव्यातली लालसर. मैत्रीण म्हणाली रीळ चुकलं तुझं. मी खालून सुईने धाग्याची दोन्ही टोकं ओढून तिच्या तळहातावर ठेवली तेव्हा पटलं तिला, टोकं हुबेहूब सारखी. मी त्या दिवशी जेवायचं विसरले.

मग मॅडमनी शेव्ह्रलबद्दल सांगितलं. मिशेल युजीन शेव्ह्रल, फ्रेंच केमिस्ट, पॅरिसच्या गोब्लँ या चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. तिथे तक्रारी यायच्या की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, रंग कच्चा आहे. त्याने तपासलं तर काळ्या रंगात दोष काहीच नव्हता, शेजारी जे रंग विणलेले होते त्यांच्यामुळे तो फिका दिसत होता. हे सगळं त्याने १८३९ मध्ये पुस्तक म्हणून छापलं. विचार कर, माणूस केमिस्ट, कामाला बसवलाय रंग पक्के करायला, आणि त्याच्या लक्षात काय आलं तर भानगड भांड्यात नाहीच, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. मला हे इतकं आवडतं की मी दर नव्या बॅचला सांगते.

आज मला विचारलंस तर मी म्हणेन, शेजारी. कुठल्या रंगाला कुठला शेजारी दिला की तो काय होतो, हे बघण्यात माझे तासन्तास जातात. वस्तू म्हणून ते सॅम्पल अजून माझ्या पाउचमध्ये असतं, दोन टोकं ओढलेल्या अवस्थेत.

बारा_चित्रं:
अ‍ॅनिमेशन, दुसरं वर्ष. मी वरच्या दोघांपेक्षा थोडं वेगळं म्हणेन. सगळंच थोडं थोडं आवडतं हे सांगायला काही हरकत नाही, पहिल्या वर्षात बहुतेकांचं तेच असतं, जो ठामपणे बोलतोय त्याचंही पुढे बदलतं. आमच्या वर्गात फर्निचर फर्निचर करत आलेला मुलगा आज माझ्या शेजारी बसून पपेटचे सांधे बनवतोय. फक्त ‘सगळं’ म्हणताना त्यातली दोन-तीन खरी उदाहरणं दे, नाहीतर ते ऐकणाऱ्याच्या कानावरून जातं.

माझी वस्तू म्हणजे एक जुनी वही होती. तिच्या कोपऱ्यात मी एक चेंडू खाली पडताना काढलेला, पानं भराभर सोडली की पडायचा. पण तो पडत नव्हता, तरंगत उतरायचा, आणि मला कळेना का. कितीतरी वह्या तशाच खराब केल्या. नंतर कळलं, मी प्रत्येक पानावर चेंडू सारख्याच अंतराने खाली सरकवत होतो. खरा चेंडू सुरुवातीला हळू आणि मग वेग घेतो, म्हणजे चित्रांमधलं अंतर वाढत जायला पाहिजे. ते केलं आणि चेंडूला एकदम वजन आलं. चित्र तेच, पेन्सिल तीच, फक्त मधली जागा बदलली. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम जातात, हाताने काढताना बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, म्हणून माझं नाव इथे हे.

मूठ_आणि_झाकण:
मी प्रॉडक्ट डिझाइन करून बाहेर पडले त्याला बरीच वर्षं झाली, आता कधीकधी स्टुडिओत ज्यूरीला, म्हणजे मुलांचं काम तपासायला, जाते, म्हणून समोर बसणाऱ्याच्या बाजूने सांगते. ओळखीच्या तासाला आम्ही टॅलेंट मोजत नसतो गं. हा मुलगा किंवा ही मुलगी कशाकडे स्वतःहून बघते, एवढं कळलं की पुढे प्रोजेक्ट देताना सोपं जातं.

माझी आवड आजीच्या हातांमुळे लागली. तिची बोटं सांधेदुखीने वाकलेली, बरणीचं झाकण तिला उघडायचं नाही आणि ती ते कुणाला सांगायची नाही, नुसती बरणी परत ठेवून द्यायची. मी ते खूप उशिरा पाहिलं. कॉलेजात गेल्यावर पॅट्रिशिया मूर या अमेरिकन डिझायनरबद्दल कळलं. १९७९ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, तिने मेकअप करून म्हातारीचं रूप घेतलं, नजर धूसर करणारा चष्मा, कानात बोळे, हातापायाच्या सांध्यांना आवळून पट्ट्या, आणि १९८२ पर्यंत अधूनमधून त्या रूपात शहरोशहरी फिरली, दारं, जिने, बस, दुकानं, सगळं त्या शरीराने वापरून बघत. हे कळल्यावर मी हातात दोन-दोन जाड मोजे घातले, अंगठा तळहाताला चिकटपट्टीने बांधला आणि आजीची बरणी उघडायला घेतली. उघडली नाही. ती बरणी मी अजून बाळगून आहे.

तर तुला माझा प्रश्न असा. कुणी काही करायला सांगितलेलं नसतं तेव्हा तुझे हात काय करत असतात? लाजू नकोस, जे असेल ते लिही.

पहिलं_सेमिस्टर:
ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसले. दादा, माझ्या फोनवर ल दंडाचा दिसतोय, आता तो सारखा खुपतोय.

हात काय करतात तर मी खोकी उघडते. म्हणजे औषधाचं, साबणाचं, टूथपेस्टचं, कुठलंही पुठ्ठ्याचं खोकं रिकामं झालं की चिकटवलेली कड नखाने सोडवून ते पूर्ण सपाट करते आणि मग परत जोडते. लहानपणापासून. आई म्हणते कचऱ्यात जाऊ दे ना, पण मला बघायचं असतं ते एका कागदातून कसं झालं. औषधाच्या खोक्याचं झाकण आपोआप का उघडत नाही माहितीये? आत जाणाऱ्या जिभेच्या दोन टोकांना अगदी बारीक चिरा दिलेल्या असतात, त्या बाजूच्या छोट्या फ्लॅपना अडकतात, बंद करताना बोटाला टक असं जाणवतं. आणि काही खोक्यांचा तळ असा असतो की सपाट खोकं दोन बाजूंनी दाबलं की तो स्वतःच उघडून लॉक होतो. ते मी निदान वीसदा तरी उघडझाक करून पाहिलंय. माझ्या पलंगाखाली सपाट केलेल्या खोक्यांची एक पिशवी आहे.

पण ही आवड आहे का? मी स्वतः काही बनवलेलं नाही. एकदा ड्रॉइंगच्या जाड कागदातून तसंच खोकं करून बघितलं तर काही घड्या छान बसल्या आणि काही फाटल्यासारख्या झाल्या, कड फुटून आतला पांढरा रेषा रेषा दिसायला लागला. हात बसला नाही म्हणून सोडून दिलं.

मूठ_आणि_झाकण:
अगं, हे सोडून तू ‘क्रिएटिव्ह गोष्टी’ लिहीत होतीस? हाच पॅकेजिंगचा अख्खा पेपर आहे. दाबल्यावर लॉक होणाऱ्या तळाला क्रॅश लॉक म्हणतात.

आणि ती घडी तुझ्या हातामुळे फुटलेली नाही. कागदाला ग्रेन असतो. मशिनवर कागद बनताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेला लागतात, त्या दिशेने घडी घातली की सुबक बसते, आडवी घातली की तंतू वाकायच्या ऐवजी तुटतात आणि जाड कागद असेल तर कड फुटते. आज घरी करून बघ. त्याच कागदातून दोन पट्ट्या काप, सारख्या मापाच्या, एक उभी आणि एक आडवी, आणि दोन्हींच्या फक्त एका बाजूला ओलं बोट फिरव. तंतू भिजले की लांबीत फारसे नाही, जाडीत फुगतात, त्यामुळे कागद वळून नळी होते आणि नळीची लांबी असते त्या दिशेला ग्रेन. आडव्या घडीशिवाय गत्यंतर नसेल तर आधी बोथट टोकाने, न कापता, रेघ दाबून घ्यायची आणि मग घडी.

अक्षरवेडा:
यात एक माझ्याकडून जोड, कारण कागद मलाही लागतोच. ए४ मधोमध दुमडला की ए५, आणि प्रमाण तेच राहतं, १ ला १.४१४, म्हणजे वर्गमूळ दोन. सगळ्यात मोठा ए० जवळजवळ एक चौरस मीटर, ए४ त्याचा सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, एक ए४ कागद जवळजवळ ५ ग्रॅम भरतो. खोक्यांचे असे हिशेब तुला आवडतील असं वाटतंय.

पहिलं_सेमिस्टर:
केलं!! दोन पट्ट्या, दोन-दोन सेंटिमीटर रुंद. एकीची लांबच लांब पन्हळ झाली आणि दुसरी टोकाकडून गुंडाळत आली, एकाच कागदाच्या दोघी, मी आईला हाक मारून दाखवलं. मग तेच खोकं परत काढलं, फुटलेल्या सगळ्या घड्या एकाच दिशेच्या निघाल्या, एकही अपवाद नाही. म्हणजे कागद मला तेव्हाच सांगत होता आणि मी त्याला माझी चूक समजत होते. आता रिकाम्या बॉलपेनने रेघा दाबून नवीन केलंय, आडव्या घड्यासुद्धा न फुटता बसल्या.

सोमवारी मी औषधाच्या खोक्यापासून सुरू करणार. वस्तू म्हणून काय नेऊ, फुटलेलं की नवीन?

धागादोरा:
दोन्ही ने. आणि नवीन खोकं सपाट करून ने, वर्गात एखाद्याच्या हातात दे आणि त्यालाच बंद करायला सांग. ती टक त्याच्या बोटाला लागू दे.