एकट्याने सॉफ्टवेअर तयार करताना विक्रीला वेळ कसा द्यावा? (सांगली, अडत दुकानांचा हिशेब)

नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि अडत दुकानांच्या, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढ्यांच्या, हिशेबाचे एक सॉफ्टवेअर एकट्याने तयार करून विकतो. हळद, बेदाणा आणि गूळ या मालांच्या सौद्यांची नोंद, शेतकऱ्याला द्यायची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती), खरेदीदाराचे बिल आणि येणेबाकी एवढे काम ते करते. मार्केट यार्डातील काही पेढ्या आणि तासगावचे काही अडते ते पैसे देऊन वापरतात, त्यामुळे गरज आहे की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न वेळेच्या वाटणीचा आहे. ‘आठवड्यातले तीन दिवस काम, तीन दिवस विक्री’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो इथे का लागू पडत नाही हे कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली अडचण अशी की विक्रीसाठी यार्डात जावे, तर परत येताना हातात कामाचीच यादी असते. हळदीत पोत्यागणिक वजन आणि बारदानाची वजावट लागते. बेदाणा बॉक्सवर चालतो आणि माल बहुधा कोल्ड स्टोरेजमध्ये असतो, म्हणून लॉट आणि साठवणुकीची पावती जुळवावी लागते. गुळाला रव्यांची (ढेपांची) संख्या आणि वजन दोन्ही हवे. एवढे सगळे रास्त आहे. पण एका पेढीवरच्या दिवाणजींनी काट्यावरचे वजन थेट पट्टीवर यावे, अशी मागणी केली आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजन दाखवणाऱ्या पेटीला, बहुधा संगणकाशी जोडण्यासाठी सीरियल पोर्ट असतो, त्यामुळे हे शक्य आहे. मात्र प्रत्येक बनावटीची आकडा पाठवण्याची रीत निराळी असते. कुणी वजनाआधी चिन्ह पाठवतो, कुणी शेवटी एकक जोडतो, कुणाचा वेगच वेगळा. असे काम हाती आले की माझ्यासारख्या माणसाला तहानभूक राहत नाही, आणि त्यातून एकही नवे गिऱ्हाईक येईल असे मला वाटत नाही, कारण वजनाचा आकडा टंकायला दिवाणजींना क्षणभरही लागत नाही. याउलट जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर देवनागरी पट्टी चित्ररूपाने छापावी लागते आणि ती इतकी सावकाश निघते की सौद्यानंतर खिडकीशी शेतकरी खोळंबतात. दिसायला किरकोळ वाटणारी ही तक्रार पेढी सोडून जाण्यास पुरेशी आहे, असे माझे मत आहे.

टाळता न येणारे काम वेगळेच. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने शेतकऱ्याने विकलेल्या बेदाण्यावर कर लागत नसल्याचा खुलासा केला, पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे टप्पे बदलले. असे काही झाले की त्या काळात विक्रीचे नाव काढता येत नाही; फोन फक्त ‘आमचे बिल बरोबर निघते ना?’ एवढेच विचारण्यासाठी येतात.

दुसरी अडचण हंगामाची. फेब्रुवारीपासून नवी हळद आणि नवा बेदाणा बाजारात येऊ लागला की अडत्याला मान वर करायला सवड नसते. त्या दिवसांत नवे सॉफ्टवेअर दाखवायला जाणे म्हणजे अपमान करून घेणे. नेमक्या त्याच दिवसांत जुन्या गिऱ्हाइकांचे बारीकसारीक प्रश्न तातडीने सोडवावे लागतात. बेदाण्याच्या बाजारात दिवाळीच्या सुमारास सौदे थांबवून ‘झिरो पेमेंट’ करण्याची पद्धत आहे, म्हणजे एकमेकांची देणी चुकती करायची. कुणाकडून किती येणे आहे हे वहीत शोधताना पेढीवर जी धांदल उडते, ती पाहिली की माझ्या सॉफ्टवेअरची गरज सांगावी लागत नाही. म्हणून मी असा विचार करतो आहे की आठवड्याची वाटणी सोडून द्यावी, दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत केवळ विक्री करावी, हंगामात फक्त दुरुस्त्या कराव्यात आणि नव्या सोयी पावसाळ्यात बांधाव्यात.

प्रसिद्धीचे म्हणाल तर व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी आपला क्रमांक साठवून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो, म्हणजे तो जुन्या गिऱ्हाइकांपुरताच उपयोगी. इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ पेढीच्या गादीवर बसणारे बघत नाहीत, त्यांची मुले बघतात. खरी ओळख करून देतात ते कर सल्लागार आणि सीए. आणि त्यांना एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे नोंदी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये विनासायास जाव्यात. त्यामुळे टॅलीची जोडणी चोख करणे हे काम विक्रीच्या खात्यावर मांडावे, असे मला वाटते.

जाणकारांनी तीन बाबतींत मत द्यावे, ही विनंती. हंगामानुसार वर्षाची विभागणी कुणी प्रत्यक्षात करून पाहिली आहे का? जुन्या गिऱ्हाइकाला न दुखावता नव्या सोयीची मागणी कशी नाकारावी? आणि कमिशनवर विक्रीचा माणूस नेमण्याची योग्य वेळ कोणती?

प्रतिसाद:

मी कऱ्हाडला दूध संकलन केंद्रांसाठी असेच सॉफ्टवेअर करतो. आमच्याकडे दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिले निघतात, त्यामुळे वर्षाची विभागणी मला कधी शक्य झाली नाही, पण आपल्याला ती साधेल. फक्त तीन महिने विक्री आणि नऊ महिने शुकशुकाट असे होऊ देऊ नका. हंगामातही प्रत्येक पट्टीच्या तळाशी सॉफ्टवेअरचे नाव आणि आपला क्रमांक छापा. ज्या शेतकऱ्याची पट्टी स्वच्छ मराठीत आणि वेळेवर येते, तो दुसऱ्या पेढीवर ती दाखवून ‘अशी द्या’ म्हणतो.

नाही म्हणण्याची गरजच पडू देऊ नये. जो नवी सोय मागेल त्याला खर्च सांगावा आणि निम्मी रक्कम आगाऊ मागावी. पैशाचा विषय निघाला की बऱ्याच मागण्या तिथल्या तिथे गळतात, आणि ज्या उरतात त्या खऱ्या असतात. काट्याच्या जोडणीलाही हाच नियम लावा. विक्रीचा माणूस मात्र एवढ्यात नेमू नका. त्याऐवजी पेढ्यांवरचे प्रिंटर आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराशी बोला. कोण वही सोडून संगणकावर यायला निघाला आहे हे त्याला आपल्याआधी कळते.

धागाकर्त्याचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. आगाऊ रकमेची सूचना लगेच अमलात आणतो. पट्टीच्या तळाशी नाव छापण्याबाबत थोडी धाकधूक आहे, कारण पट्टी ही पेढीची ओळख असते आणि काही अडते तिथे दुसऱ्याचे नाव खपवून घेणार नाहीत. तेव्हा जे परवानगी देतील त्यांना नूतनीकरणाच्या शुल्कात सवलत द्यावी, असे मनात आहे. दुरुस्तीच्या दुकानदाराविषयी एक उपप्रश्न विचारतो. त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाबद्दल त्याला फक्त पहिल्या वर्षाच्या शुल्कातून वाटा द्यावा, की दर वर्षीच्या नूतनीकरणातूनही? दर वर्षी दिला तर पहिली मदत तोच करील आणि माझे फोन कमी होतील, असा माझा हिशेब आहे. आपला अनुभव काय सांगतो?