मदत हवी आहे: बेदाण्याच्या शेडला व्यवसाय म्हणायचं का? (बीकॉम पहिलं वर्ष, प्रकल्प)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत शिकते, गाव तासगाव तालुक्यात. ओळखीचा एखादा उद्योग घेऊन ‘व्यवसाय आणि त्याचं पर्यावरण’ यावर प्रकल्प द्यायचाय. वर्गातल्या निम्म्यांनी मोठ्या कंपन्या घेतल्या, नेटवर आयतं मिळतं म्हणून. मी घरची शेड घेतली आणि अडकलेय.

द्राक्षं पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायची, वाळली की झाडायची, प्रतवारी करून बॉक्स भरायचे, माल कोल्ड स्टोरेजला आणि तिथून सौद्याला, म्हणजे लिलावाला. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा. जागा शिल्लक असली की भावकीतल्यांची द्राक्षंही किलोमागे दर ठरवून वाळवून देतो.

पहिली अडचण: ही शेती की व्यवसाय? नियमितपणा हवा असं पुस्तकात आहे आणि शेड तर हंगामापुरतीच चालते.

दुसरी: मार्चमधला अवकाळी, चीनचा बेदाणा, आडत (माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन), बँकेचं कर्ज, सौद्यातली उधळण हे सगळं मी ‘बाह्य घटक’ म्हणून लिहिलं. सरांनी वही परत दिली, ‘नीट वेगळं कर’ म्हणाले. कसं करू?

—

कुपवाडकर: ताई, विषय झकास घेतलाय. नियमितपणा म्हणजे रोज गल्ला उघडणं नव्हे. दर हंगामात, विकण्यासाठी, नफ्याच्या हेतूने आणि जोखीम पत्करून करता ना? मग झालं. साखर कारखानाही बारा महिने गाळप करत नाही.

बाग म्हणजे प्राथमिक उद्योग. शेडवर प्रक्रिया होते, म्हणून ती द्वितीयक. दुसऱ्याची द्राक्षं पैसे घेऊन वाळवता ती सेवा. व्यापाऱ्याची खरेदी-विक्री हा व्यापार. कोल्ड स्टोरेज, बँक, ट्रान्सपोर्ट हे त्याचे सहायक. एका बॉक्समागे एवढी माणसं उभी असतात, तेच आकृती काढून दाखवा.

सौदेवाला: बाह्यचे दोन भाग करा. आडत्या, खरेदीदार, मजूर पुरवणारा मुकादम, शेजारची शेड हे सूक्ष्म पर्यावरण. यांच्याशी बोलता येतं, भांडताही येतं. उधळण इथेच येते. बॉक्स फोडून मूठमूठ बेदाणा बघायचा आणि खाली टाकायचा, ही पद्धत शेतकऱ्यांनी ओरड केली की थोडी आवरते. अवकाळी, आयात, कर, दिवाळी-रमजानची मागणी हे स्थूल, म्हणजे आपल्या हाताबाहेरचं. करात एक मुद्दा घ्याच: शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर जीएसटी लागत नाही, हे जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

प्रश्नकर्ती: दादा, खूप आभार. पण कोल्ड स्टोरेजमध्ये माल ठेवायचा की लगेच विकायला काढायचा, हे कुठे टाकू? भाव तर बाहेर ठरतो.

सौदेवाला: भाव बाहेरचा, ठेवण्याची ताकद घरातली. म्हणून अंतर्गत. एप्रिलमध्ये सगळ्यांचाच माल येतो, भाव दबतो. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो तो तेव्हाच काढतो, दुसरा दिवाळीपर्यंत थांबतो. अर्थात थांबलेल्याला भाडं आणि व्याज चुकत नाही, आणि भाव चढेलच असंही नाही. आपल्याकडे थांबून हात पोळलेलेही कमी नाहीत.

कुपवाडकर: यावर एक पान खर्च करा, पुस्तकातल्या व्याख्या अर्ध्या पानात उरका. घरच्या जुन्या सौदापट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) असतील तर एप्रिल आणि ऑक्टोबरचा दर शेजारी-शेजारी मांडा. भाडं, व्याज, आडत, हमाली वजा करायला मात्र विसरू नका.

प्रश्नकर्ती: पट्ट्या पप्पांच्या कपाटात आहेत. रविवारी गावी जातेय, आकडे काढून इथेच टाकते. वजावट बरोबर केलीय का तेवढं बघाल का?

सौदेवाला: टाका. पट्टीवर तूट, म्हणजे वजनातली घट, वेगळी दाखवलेली असते, तीही धरा.